लाल दिव्यावरची टिकली

मोर्शीत डीजेची गाणी तयार करून देणाऱ्या त्या गृहस्थांच्या मिक्सरवरील लाल दिवा मला कधीच दिसला नाही, कारण त्यांनी त्यावर बायकोची टिकली चिकटवली होती. आवाज मर्यादेबाहेर गेल्याची सूचना देणे, हे त्या दिव्याचे काम. गृहस्थांना सूचना खपत नसत.

स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी आमच्या सातवीतल्या एका मुलीने गायलेल्या दोन ओळी त्यांना संगीतात मिसळायच्या होत्या. ढोल, बास, गाणे, सर्वांची बटणे टोकाला. मी म्हणालो, "आधी प्रत्येक आवाज कमी करा, मग एकत्र करा."

"कावून सर? मी काय मयतीत वाजवून राहिलो?"

माझ्या आग्रहाखातर त्यांनी फक्त शेवटचे मुख्य बटण खाली ओढले. आच मंद केल्याने उतू गेलेले दूध पातेल्यात परतत नाही. फाटलेला आवाजही कमी केल्याने सांधला जात नाही. हे मी त्यांना दोनदा समजावले होते.

तालमीत मुलगी कान टवकारून उभी राहिली. खरखर थांबल्यावर ते अभिमानाने म्हणाले, "पाय बाई, तुहा आवाज कसा भारी आला!"

"तो माहा नाई, काका," ती म्हणाली.

गृहस्थांनी सुटू लागलेली टिकली अंगठ्याने नीट दाबून बसवली.