तीनपैकी एकच निकाल

स्माईलभाऊंचा फोटो स्टुडिओ म्हणजे देवाच्या चुका दुरुस्त करून मिळण्याचं ठिकाण. कुणाची चामखीळ काढ, कुणाच्या टकलावर चार केस पेर, असली पुण्यकर्मं ते दिवसभर कॉम्प्युटरवर करत. फोटो काढताना ते "स्माईल!" असं इतक्या जोरात ओरडत की गिऱ्हाईक दचकायचं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसूही त्यांनाच नंतर बसवावं लागायचं.

पण भाऊंची खरी ख्याती ग्रुप फोटोंची. वीस माणसांनी एकाच क्षणी डोळे उघडे ठेवून हसायचं, हे काही होणारं काम नव्हे. भाऊ पाच-सहा फोटो काढत आणि एकातले आजोबा, दुसऱ्यातली सून, तिसऱ्यातलं नाक पुसलेलं पोर असं उचलून एकच झकास फोटो तयार करत. त्यात सगळं घर एकमेकांवर खूश दिसायचं. प्रत्यक्षात निम्मी मंडळी एकमेकांशी बोलत नसत, पण ते काही भाऊंचं खातं नव्हतं.

भाऊंच्या मुलीला घरात चिमणी म्हणत. पत्त्यांचे बंगले सगळीच मुलं बांधतात, हिचे पंखा लावला तरी पडत नसत. तिला इमारतींचंच शिकायचं होतं आणि तेही एका ठरावीक कॉलेजात. त्यासाठीची प्रवेशपरीक्षा तीनदा देता यायची, आणि कोणते निकाल कॉलेजला पाठवायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. चिमणीने तिन्ही वेळा दिली. पहिली बेताचीच गेली. दुसरीत गणिताने बाजी मारली, पण भाषेने अशी माती खाल्ली की एकूण आकडा बघवेना. तिसरीत दोन्ही बरे आले आणि बेरीज सगळ्यांत मोठी झाली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेमकं घरचं इंटरनेट रुसलं. चिमणीने दुकानात येऊन अर्ज भरला, तर शेवटच्या पानावर साइट अडकली. तिला शाळेत तोंडी परीक्षेला पोचायचं होतं.

"बाबा, साइट सुरू झाली की तिन्ही निकालांवर टिक करून पाठवा. तिन्ही हं! कॉलेजवाले प्रत्येक विषयाचे..."

"हो गं बाई, कळलं. पळ तू."

त्या वेळी भाऊ एका वकीलसाहेबांच्या नाकावरची चामखीळ काढत होते. असल्या नाजूक कामात मुलीचं वाक्य पूर्ण कोण ऐकणार?

साइट सुरू झाली तेव्हा दुकानात चिमणीचे मामा येऊन बसले होते. आयुष्यात एकही परीक्षा पहिल्या फटक्यात न सुटल्यामुळे मामांचा या विषयातला अनुभव दांडगा होता.

"दाजी, हे दुसऱ्या परीक्षेचं काय ध्यान आहे? हेही पाठवणार?"

"ती तिन्ही पाठवा म्हणालीय."

"पोर आहे ती! झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही गिऱ्हाइकाला डोळे मिटलेला फोटो देता का?"

हे भाऊंना एकदम पटलं. त्यांनी फक्त तिसऱ्या निकालावर टिक केली आणि बटण दाबलं. संध्याकाळी चिमणीने विचारलं, "पाठवलं ना?" भाऊ म्हणाले, "पाठवलं." यात खोटं काहीच नव्हतं.

यादी लागली. चिमणीचं नाव नव्हतं, आणि हुकलं होतं तेही थोडक्यात. तिने कॉलेजात फोन केला. तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही प्रत्येक विषयाचे सगळ्यांत चांगले मार्क घेऊन बेरीज करतो. तुमचा एकच निकाल आलाय. आता मुदत संपली."

चिमणी तशीच दुकानात आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर भाऊंना बरं वाटलं असतं.

"बाबा, मी तिन्ही म्हणाले होते ना?"

"अगं, तो दुसरा फारच वाईट दिसत होता."

"कॉलेजवाले गणित त्यातलंच घेणार होते. भाषा तिसऱ्यातली. दोन्ही जोडून."

भाऊंच्या समोर स्क्रीनवर एक ग्रुप फोटो अर्धवट जोडून पडला होता. त्यातले आजोबा ज्या फोटोतून उचलले, त्यात बाकी सगळ्या घराने डोळे मिटले होते. तरी भाऊंनी तो जपून ठेवला होता, कारण आजोबा तेवढ्यात एकदाच हसले होते. जगातल्या यच्चयावत आजोबांसाठी जी अक्कल चालली, ती पोटच्या पोरीच्या वेळी कुठे शेण खायला गेली होती? भाऊंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, बाळा."

"पुढच्या वर्षी परत देईन," चिमणी म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "अर्ज मात्र मीच पाठवीन."

थोड्या वेळाने एक भलंमोठं कुटुंब फोटोला आलं. पहिलाच फोटो बघून त्यातल्या काकू किंचाळल्या, "अगं बाई, काय ध्यान दिसतोय आम्ही! टाका हो तो काढून."

"काही टाकायचं नसतं," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज असा काही आला की अख्खं कुटुंब पुन्हा ओळीत उभं राहिलं. भाऊंनी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. "स्माईल" म्हणायला मात्र ते विसरले.