माबेल्याच्या व्हिलावरची जप्ती

ओमानमधल्या माबेल्यातल्या एका व्हिलाच्या सगळ्या फरशा मी बसवल्या. पैसे मागितले की मालक म्हणायचा, "इन्शाल्ला, उद्या." मग कळलं, तो व्हिला विकायला काढलाय. वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "विकला तर पैसे विसरा. आधी कोर्टातून जप्ती आणू." अर्ज केला, पण जिवाला चैन पडेना. रोज त्या गल्लीत गाडी घालायचो. एका सकाळी गेटपाशी एक ओमानी जोडपं घर बघायला आलेलं दिसलं. राहवलं नाही. मोडक्या अरबीत म्हणालो, "विसार देऊ नका, घराचं प्रकरण कोर्टात आहे."

"तू कोण?"

"फरशा बसवणारा."

ते आत न जाताच निघून गेले. संध्याकाळी मालकाचा फोन आला. आधी शिव्या, मग, "ये, हिशेब खलास करू." पैसे घेतले, अर्ज मागे घेतला. तरी गिऱ्हाईक पळवलं म्हणून मालक तक्रार करेल, या भीतीने आठवडाभर फोन वाजला की दचकायचो.