उभ्या बापाचा श्वास

विमलताईंची पहिली भेट पुसदला, त्यांच्या घरी झाली. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. त्यांना बाहुलीपटासाठी संवाद लिहून हवे होते. दार उघडताच त्यांनी माझ्या हातात एका माणसाचं डोकं दिलं. मातीचं, दिव्याखाली तापून कोमट झालेलं. "धरा जरा, सर. मान तुटली त्याची," म्हणून त्या आत गेल्या. मी डोकं धरून उभा राहिलो.

ताई बाहुली केसभर हलवीत, चित्र घेत, पुन्हा केसभर हलवीत. अशा कितीतरी चित्रांतून एक पाऊल पडे. चेहऱ्यावर बोटांचे ठसे उमटत आणि पडद्यावर थरथरत. ताई तो दोष मानीत.

कापसाच्या वाईट वर्षांत संधिवाताने त्यांची बोटं आखडली. त्या संगणकावर चित्रपट करायला शिकल्या. पहिला पट आम्ही महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर, शाळेच्या खोलीत, खिडक्यांना पोती लावून दाखवला. मुलगी शाळेतून येते, बाप दारात उभा असतो, एवढीच गोष्ट. मुलगी छान चालत होती. बाप गुळगुळीत होता आणि मुळीच हलत नव्हता.

पुढे बसलेल्या सुंदराबाई म्हणाल्या, "ताई, हा उभ्या उभ्याच मेला का?"

कोणी हसलं नाही. त्यांचा नवरा त्याच हंगामात गेला होता. कसा, ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनी उठून स्वतः प्रोजेक्टरची वायर काढली.

परतताना मी म्हणालो, "ताई, पुन्हा मातीच घ्या."

"या बोटाइनं?" त्यांनी पंजा माझ्यापुढे धरला. "हे नाही जमलं तर माह्यं काम संपलं, सर. अन् त्या बाईले काय सांगू? मशीनचा दोष म्हून?"

मग त्या वाट पाहणारी माणसं पाहू लागल्या. बसस्थानकावर, दवाखान्याच्या ओट्यावर. मातीतली थरथर आपोआप येत होती. संगणकात आपण हलवू तेवढंच हलतं.

"उभा माणूस नुसता उभा नसते," त्या मला म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आताच तुम्ही पाय बदलला."

तोच पट नव्याने करून त्यांनी त्याच तांड्यावर पुन्हा नेला. मला धास्ती होती. सुंदराबाई या खेपेला दाराजवळ बसल्या. भिंतीवर बाप उभा होता. त्याचा खांदा किंचित वर गेला, खाली आला.

"आता वाट पाहून राह्यला," सुंदराबाई हळूच म्हणाल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. तेव्हापासून प्रत्येक नवा पट ताई आधी त्यांना दाखवतात.

गेल्या महिन्यात मी या लेखासाठी ताईंकडे गेलो. त्या संगणकासमोर खुर्चीत मान टाकून होत्या. हाक मारली. त्या जराही हलल्या नाहीत. मी दारातच गोठलो. बऱ्याच वेळाने पदराची कडा हलली. त्यांनी डोळे उघडले.

"सर, असे मेल्यासारखे काहून उभे?"

असं विचारायला ताई पुष्कळ वर्षं, ठणठणीत, आमच्यात असाव्यात. त्यांच्या पंचाहत्तरीला माझं मागणं एवढंच.