काचा वर केलेली गाडी

रे रोडच्या एका गॅरेजवाल्याने मला फसवलं, आणि मी घासाघीस केली हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. बंद गाडीतल्या तापलेल्या सीटचा वास आला की अजून तो मे महिना आठवतो. एसीचा गॅस कुठूनतरी गळत होता, मी दुरुस्तीचा भाव चांगलाच खाली आणला, तरी त्याने हसत किल्ली दिली, "गाडी एकदम ओके, शेठ." दोन दिवसांनी घोडपदेवच्या चाळीतून आईला गिरगावात काकांकडे न्यायला निघालो. पहिलीच गाडी, सगळी चाळ गॅलरीत उभी, म्हणून मी ऐटीत काचा वर केल्या. भायखळ्यालाच गरम हवा यायला लागली. आईला धाप लागली. पदराने वारा घेत ती म्हणाली, "काच उघड झिला, आता कोण बघणा नाय." दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला शेजारी बसवलं, काचा चढवल्या आणि भर दुपारी गाडी काळाचौकीकडे काढली. "शेठ, काच तरी खाली घ्या." "का? एसी ओके आहे ना?" शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "पाइप फुटलेला तेव्हाच दिसला होता. तुम्ही दिलेत त्यात नुसता गॅसच भरता येतो." मी आजही भाव करतो, उद्याही करणार. परवडत नव्हतं तर तोंडावर नाही म्हणायचं. आई अजून त्याच चाळीत आहे. 'ओके' कशाच्या जोरावर म्हटलं, हे त्याने तिच्यासमोर येऊन सांगावं.