बानं सनई सोडली, मी गाणं धरलं

किन्हीराजाच्या फाट्यावर मला सोडायला माय आली होती. बा आला नाही. तो रस्त्यापलीकडे दुसऱ्याच्या तुरीत खुरपत बसला होता, फाट्यावरून त्याची पाठ दिसत होती. गाडी आली तरी त्यानं मान वळवली नाही. माय म्हणाली, "त्याच्या मनात नाही. पन तू जाय. आता थांबला तं जनमभर त्याच्यावरच राग काढशीन."

मी पुण्याला गाणं शिकायला निघालो होतो. मालेगावच्या शाळेतल्या गायनाच्या मास्तरांनी तिथल्या एका बुवांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्या वयाची पोरं खडी फोडून फोडून काळवंडली होती, आणि मी तंबोऱ्यावर बसायला चाललो होतो.

बा सनई वाजवायचा, आणि फार सुरेल वाजवायचा. पाटलांच्या घरचं लग्न असलं की आमच्या घरानं मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं खायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यानं सनई कायमची ठेवून दिली. पाटलांचा निरोप आला, तो गेला नाही. पुढे बरेच दिवस कोणी कामाला बोलावलं नाही, तरी गेला नाही. "वाजवनं सोडलं तवा मानूस झालो," एवढंच म्हणायचा. आणि आता त्याचाच पोरगा गाणं शिकायला निघाला होता, तेही ज्या देवांना आमच्या घरानं हात जोडणं सोडलं होतं त्यांच्याच लीलांचं.

पुण्यात मी पहिल्यांदा माझी बोली सोडली. 'मले' म्हटलं की बुवांकडची मुलं हसायची, म्हणून 'मला' म्हणायला शिकलो. बुवांना माझा आवाज आवडला. वर्ष सरायच्या आत ते मला बैठकीत मागे तंबोऱ्यावर बसवू लागले. गुरुपौर्णिमेला त्यांच्या घरी जेवायला होतो. वाढता वाढता त्यांच्या पत्नीनं सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कुठलं रे?"

मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत."

त्या वाढत राहिल्या. पुढच्या शिकवणीला मी तंबोऱ्याला हात घातला तेव्हा बुवा म्हणाले, "राहू दे आज. तारांची जवारी बिघडते." त्यानंतर ती रोजच बिघडू लागली. शेवटी एकदा त्यांनी मला जवळ बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "तुझ्या गळ्यापेक्षा तुझी बुद्धी मोठी आहे. गाण्याच्या नादी लागू नकोस. शास्त्र वाच, लिही."

लोक मला संगीताचा अभ्यासक म्हणतात. मी अभ्यासक झालो तो असा.

विद्यापीठाच्या संगीत विभागात प्रबंधासाठी मी वऱ्हाडातल्या लग्नांतली सनई हा विषय घेतला. विभागातला टेपरेकॉर्डर घेऊन घरी आलो. बा अंगणात दोर वळत होता. मी विचारलं, "बा, एकडाव वाजवशीन? अभ्यासासाठी पाहिजे."

त्यानं यंत्राकडे बघितलं. "कोन ऐकनार हे?"

"पुण्याचे मोठे लोक. परीक्षक."

"पहिले पाटलाच्या दारात वाजवत होतो. आता तू मले त्याईच्या कॉलेजाच्या दारात उभा करून राह्यला. फरक काय पडला?"

मी टेपरेकॉर्डर उचलला. मी रिठदच्या एका म्हाताऱ्या वाजंत्र्याकडे गेलो, त्याची सनई टेपवर घेतली आणि तिच्यावर प्रबंध लिहिला. त्याचं कौतुक झालं, सत्कार ठरला. अध्यक्ष बुवाच होते. हार घालताना ते म्हणाले, "हा आमच्याच घरात तयार झालेला विद्यार्थी."

मी उत्तराला उभा राहिलो. आभाराची वाक्यं पाठ केली होती, ती तोंडातून निघेनात. मी म्हणालो, "मी बौद्ध आहे हे कळल्यावर बुवांच्या घरात मला तंबोऱ्याला हात लावू दिला नाही. त्यांनी तयार केलं ते एवढंच."

बुवा समोरच्या फुलांकडे बघत राहिले. त्याच विभागात मला शिकवायची जागा मिळणार असं सगळे धरून चालले होते, ती दिवाळीआधीच दुसऱ्याला मिळाली. मी बडोद्याला शिकवायला गेलो.

जायच्या आधी घरी येऊन हे बाला सांगितलं. तो जेवत होता.

"सर्व्याइच्या सामोर बोलला?"

"हो."

"बरं केलं," म्हणाला आणि मायकडे भाकर मागितली. त्याच्याकडून मला मिळालेली शाबासकी तेवढीच.

दोन वर्षांत बा गेला. मी पोचलो तेव्हा विहारासमोर सगळी वस्ती वंदनेला बसली होती. आज ज्यांना हे सांगतोय ते तुम्ही वस्तीतले सगळे होता. मीही म्हणू लागलो आणि नकळत माझा सूर वर चढला, लांबला, बैठकीतल्यासारख्या हरकती घेऊ लागला. शेजारी बसलेल्या सखूबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती आमच्या आळीतली, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. हळूच म्हणाली, "बापू, आमच्यासंग म्हन ना. सामोर कायले जातं?"

मी आवाज खाली आणला. तरी तो तुमच्यात मिसळेना. मग मी गप्प बसून तुमचं ऐकत राहिलो.

अजून वर्षाकाठी येतो. गाडीतून उतरतो, वंदनेला सगळ्यांत मागे बसतो. इथून निघून गेलेल्यांपैकी कोणाला पुन्हा तुमच्या सुरात म्हणता येत असेल, तर त्याला घर आहे. मला फक्त येता येतं.