पूल मागा, पण ते वाक्य काढा

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला माझ्या औषधांच्या दुकानात होतो. त्याचा पुतण्या बोलत होता. दुपारी छातीत कळ आली, अॅम्ब्युलन्स बोलावली, ती निघालीही. पण आमच्या गावाच्या फाट्याअलीकडे महामार्गावर वाहनांची रांग लागली होती आणि त्या रांगेत ती नुसती ओरडत उभी राहिली. "आवाज घरात ऐकू येत व्हता काका, गाडी काय येत न्हवती..." एवढं बोलून पोराला रडू फुटलं. मी दुकान तसंच नोकरावर टाकून निघालो आणि त्याच रांगेत अडकलो. समोरच्या टेम्पोत टोमॅटोचे क्रेट होते. त्यांच्याकडे बघत मी बराच वेळ बसून होतो, आणि मला कोणाचा राग येत होता ते माझं मलाच कळत नव्हतं.

पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. गोठ्यापाशी दोघं-तिघं हळू आवाजात बोलत होते: "पुलाला आडवा गेला आन् पुलापायीच गेला." प्रेत अजून घरात होतं. मेलेल्या माणसाबद्दल इतक्या लवकर खोटं बोलायची घाई कशाला असते लोकांना? फाट्यावर गाव मागत असलेल्या उड्डाणपुलाला सोपान कधीही आडवा गेला नाही. हे निदान एकदा तरी कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून मी बसलो आहे.

आम्ही एका बाकावर शिकलो. मी पुण्याला कॉलेजात गेलो, तो फौजेत ड्रायव्हर झाला. त्याची बरीच नोकरी ईशान्येच्या डोंगरांत, रसदीचे ट्रक चालवण्यात गेली. सुट्टीवर आला की आम्ही त्याला लढाईच्या गोष्टी विचारायचो आणि तो मात्र दरडींच्या सांगायचा. एकदा एका बाळंतीण होऊ घातलेल्या बाईला तिच्या गावकऱ्यांनी बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरून त्याच्या ट्रकपर्यंत आणलं होतं. तिच्या गावाला रस्ताच नव्हता. ट्रकपाशी पोचेपर्यंत ती गेली. ही गोष्ट सांगताना तो दर वेळी तिथेच थांबायचा. पुढे काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही.

निवृत्त होऊन तो गावी आला तोवर महामार्ग रुंद झाला होता आणि गावाचे दोन तुकडे पडले होते. अलीकडे घरं, पलीकडे शाळा आणि निम्म्या लोकांची शेतं. गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडताना मंदावहिनींना, म्हणजे सोपानच्या बायकोला, एका गाडीने उडवलं. पायात सळई घातली, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. उड्डाणपुलासाठी गावातून पहिला अर्ज गेला तो सोपानचाच. पाहणीला महामार्ग खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांना भर उन्हात फाट्यावर उभं करून शाळा सुटायची वेळ दाखवली तीही त्यानेच. साहेबांनी मान डोलावली आणि यंदा निधी नाही म्हणून सांगितलं.

मग ग्रामसभा झाली. दिल्लीला शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. ठरावाचा मसुदा तालुक्याच्या एका पुढाऱ्याकडून टाइप होऊन आला होता. त्यात एक वाक्य होतं, की चार घरांच्या डोंगरी राज्यांवर महामार्गांचा पैसा उधळला जातो आणि कर भरणाऱ्या आमच्या राज्याच्या तोंडाला पानं पुसली जातात. टाळ्या पडल्या. सोपान उठला. "पूल मागा, लई जोरात मागा. पण हे वाक्य काढा. तितं मानसं रस्ता न्हाई म्हनून मरत्यात, आपली रस्त्यावर मरत्यात. त्यांच्या ताटातलं काढून आपल्याला द्या, आसं मी न्हाई म्हननार."

सभेत एकच गलका झाला. बायकोचा पाय गेला तरी ह्याला परक्यांचा पुळका, असं कोणीतरी मागून म्हणालं. ठराव वाक्यासकट मंजूर झाला. शिष्टमंडळ गेलं, फोटो छापून आले, पूल आला नाही.

मलाही त्याचं सगळं पटलं नव्हतं, हे सांगायला हवं. जिथे गाड्या जास्त तिथे पैसा जास्त, यात गैर काय, असं मी त्याच्याशी भांडलो होतो. आपल्याकडे रस्ता आखायला गेलं तरी जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला, मग वाटाही मोठा नको का? तो चिडला नाही. म्हणाला, मोठा मागावा, आपली गरज दाखवून मागावा. मग त्याने कालव्याचं काढलं. कालव्यातून निघणाऱ्या आपल्या चारीवर शेवटच्या शेताला आधी पाणी देतात, तिथून वर भिजवत येतात. वरच्याने आधी दारं मोडून पाणी आपल्या शेतात वळवलं तर खालचा कोरडाच राहतो, हे आपल्याला कालव्यावर कळतं आणि देशाच्या बाबतीत का कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अरे, वरच्याचंही पीक जळतंच की. "जळतं ना," तो म्हणाला, "माजंच जळतंय..." आणि वहिनी चहा घेऊन लंगडत येत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर त्याला बैठकांना बोलावणं बंद झालं. सोपानचा पुलाला विरोध, असं आधी थट्टेत म्हणायचे, मग तेच खरं झालं. तो कोणाला खुलासा करत बसला नाही. पण त्याला ते लागलं होतं. शेवटी शेवटी तो फाट्यावरच्या हॉटेलात चहालाही जात नसे.

आमच्याकडे दशक्रिया म्हणजे निम्मी सभा असते. घाटावर माइक लागतो, प्रवचन होतं, मग पुढारी श्रद्धांजली वाहतात. तोच पुढारी उभा राहिला. सोपानराव निधीच्या अन्यायाचे बळी आहेत म्हणाला, आणि डोंगरी राज्यांचं ते वाक्य, जसंच्या तसं, सोपानच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून बोलला. खाली बसलेल्यांतलं कोणी उठलं नाही. मीही खाली मान घालून बसलो होतो.

पिंड मांडले. कावळे समोरच्या करंजावर बसून होते, एकही खाली येईना. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडून सोपानला शब्द देऊ लागला. पुतण्या म्हणाला, काकूला सांभाळीन. भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवीन. सरपंच पुढे झाले, "सोपानराव, पूल व्हईल, आमी आनतो." कावळे जागचे हलले नाहीत.

मंदावहिनी बायकांतून उठल्या आणि सरपंचांपाशी आल्या. "भाऊ, पूल नगा सांगू त्यांना," त्या म्हणाल्या. "ते वाक्य काडतो म्हना."

सरपंचांनी पुढाऱ्याकडे पाहिलं. पुढारी मोबाइलमध्ये बघत होता. वहिनी तशाच उभ्या होत्या, सगळा भार एका पायावर देऊन. घाटावर एवढी माणसं होती, पण मेलेल्या माणसाला तेवढा एक शब्द द्यायला कोणाची जीभ रेटेना... ऊन चढायला लागलं, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला.