तळमजल्याचं गाऱ्हाणं

आमचे घरमालक माणसांशी कमी आणि देवाशी जास्त बोलतात. आम्ही राहत होतो ते धरून भाड्याची तिन्ही सुटी घरं त्यांनी विकली आणि सहा फ्लॅटची एक जुनी इमारत घेतली. आईला जिने चढवत नाहीत. आम्ही कुठे जायचं, असं विचारलं की म्हणत, "बघू हो मास्तर."

नव्या इमारतीच्या दारात नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, वरची टाकी गळते, ती थांबव. दोन नंबरवाला जिन्यात मासे साफ करतो, त्याला अक्कल दे. तळमजला मास्तरांच्या आईला दिलाय, तिचे गुडघे सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांबरोबर मीही ओरडलो.

नंतर मी आभार मानायला गेलो.

"व्हय म्हणालात ना मास्तर?" नारळ फोडत ते म्हणाले. "मग सामान आणा."